हात लावावा अशी बाग

शहरातल्या कुठल्याही सार्वजनिक बागेच्या फाटकातून आत शिरलं, की आधी पाट्या भेटतात. फुलं तोडू नयेत. झाडांना हात लावू नये. हिरवळीवर चालू नये. त्या लावणाऱ्या माळ्याची बाजू मला कळते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने शेवंतीला नुसतं चाचपून बघायचं म्हटलं, तरी ताटवा आठवडाभर तग धरणार नाही. पण त्या पाट्या सलग वाचल्या की ध्यानात येतं, बाग ही लांबून बघायची गोष्ट आहे हे आपण केव्हाच मुकाट्याने मान्य करून टाकलं आहे. मग ज्याला दिसत नाही त्याच्या वाट्याला त्या बागेतलं काय येतं? बसायला एक बाकडं, आणि सोबतच्या माणसाने केलेलं वर्णन.

हा नियम उलटा करणाऱ्या बागाही जगात आहेत. तिथे पानं चुरगळायची असतात, खोडावरून तळवा फिरवायचा असतो, वाफ्यावर वाकून नाक खुपसायचं असतं. त्यांना सेन्सरी गार्डन म्हणतात. आपल्याकडे त्यांच्याबद्दल बोललं जातं ते बहुतेक वेळा समाजसेवेच्या अंगाने: दिव्यांगांसाठी सोय, ज्येष्ठांसाठी विरंगुळा, मुलांसाठी उपचार. ते सगळं खरंच आहे. मला मात्र या बागा भुरळ घालतात त्या त्यांच्या रचनेमुळे. काय आधी, काय नंतर, दोन गोष्टींत किती अंतर, माणसाला कुठे थांबवायचं, हे तिथे फार काटेकोरपणे ठरवावं लागतं; एखादी जागा चुकली तर बाकीच्या मेहनतीवर पाणी पडतं. आवडती कविता आपण ओळीओळीला थांबत वाचतो, तशी अशी बाग वाचता येते. इथे मुख्यतः दोन बागा घेतो. एक न्यूयॉर्कमधली, जुनी आणि लहान. दुसरी दिल्लीतली, ऐसपैस.

ब्रुकलिन बोटॅनिक गार्डन १९१० साली स्थापन झालं. आज ते ५२ एकरांवर आहे आणि वसंतात चेरीचा बहर पाहायला तिथे झुंबड उडते. याच बागेच्या एका कोपऱ्यात १९५५ साली अ‍ॅलिस रेकनागेल आयरीस या उद्यानरचनाकार बाईंनी फ्रेग्रन्स गार्डन आखलं. दृष्टिहीनांसाठी मुद्दाम आखलेली ही अमेरिकेतली पहिली बाग म्हणून ओळखली जाते. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता आल्या पाहिजेत असं बजावणारा अमेरिकेतला मोठा कायदा आला १९९० साली. म्हणजे कायद्याच्या ३५ वर्षं आधी एका बाईंनी तो विचार माती, दगड आणि झाडं घेऊन पुरा करून दाखवला होता.

या बागेतली पहिली वाचण्यासारखी गोष्ट म्हणजे वाफ्यांची उंची. वाफे जमिनीवर नाहीत. बांध घालून उचलून घेतलेले आहेत, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल इतके. वाफा जमिनीलगत असला की झाडापाशी जायला वाकावं लागतं, आणि वाकणं हे तरुण, धडधाकट, डोळस माणसाचं काम. वाफा वर आला की झाडच माणसाकडे येतं. गुडघे धरलेल्या आजींना ते सोयीचं, कडेवर न घेता उभं राहू पाहणाऱ्या पोरालाही सोयीचं. शिवाय बांधाची कड हाताला सतत लागत राहते. ज्याला दिसत नाही तो त्या कडेवर बोटं टेकवून चालू शकतो. वाटही तीच आणि वाचायची ओळही तीच. एका बांधात इतकं काम करून घेणारी रचना मला फार मोठी वाटते. पाहणाऱ्याच्या नजरेत ती भरत नाही, हेही तिचं यशच.

बागेचे चार भाग आहेत: स्पर्शाची झाडं, सुगंधी पानांची झाडं, सुगंधी फुलं, आणि स्वयंपाकात लागणाऱ्या वनस्पती. यातल्या मधल्या दोन भागांच्या वाटणीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळतो. वास तो वास, पानाचा काय आणि फुलाचा काय, असं कुणालाही वाटेल. पण पानाचा वास मागावा लागतो. पुदिना असो, तुळस असो, मरवा असो, वाऱ्यावर त्याचा फारसा पत्ता लागत नाही. पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत तेल साठवलेलं असतं. बोटांत चुरगळलं की त्या फुटतात आणि मग वास येतो. फुलाचं तसं नाही. मोगरा, रातराणी, अनंत आपणहून येऊन भेटतात, आणि तेही आपल्या वेळेला. रातराणी भर दुपारी गप्प असते. कारण तिचं बोलणं रात्री उडणाऱ्या पतंगांशी चाललेलं असतं, आपण मध्येच ऐकून घेतो. फुलाचा गंध परागकण नेणाऱ्यांना घातलेली साद आहे. पानाचं तेल बहुतेक वेळा किड्यांना दूर ठेवण्यासाठी असतं. एका वाफ्यात झाडाचं आमंत्रण, शेजारच्या वाफ्यात झाडाचा नकार, आणि माणसाला दोन्ही सुगंधच वाटतात! आयरीसबाईंनी हे दोन भाग वेगळे ठेवले तेव्हा त्यांच्या मनात नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण बागेत फिरणाऱ्याच्या अंगाला हा फरक कळतो: एका ठिकाणी हात पुढे करावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी नुसतं उभं राहावं लागतं.

पानांच्या या जगात एक झाड जवळून पाहण्यासारखं आहे. जिरॅनियम म्हणून आपल्या नर्सरीत जे मिळतं त्याच्याच कुळात, पेलार्गोनियम वंशात, सुगंधी पानांच्या कितीतरी जाती आहेत. एकीच्या पानाला गुलाबाचा वास, एकीला लिंबाचा. पेलार्गोनियम टोमेंटोझम या जातीचं पान मखमलीसारखं लवदार असतं. अंगठ्याखाली आधी ती लव दबते, जराशी चिकट ओल जाणवते, आणि मग पेपरमिंटचा भपका येतो. बोटांना जे ऊबदार, मऊ लागलं त्यातून नाकाला थंडावा मिळतो. पेपरमिंटचा थंडावा म्हणजे निव्वळ वास नव्हे. पुदिन्याच्या कुळातलं मेंथॉल आपल्या कातडीतल्या आणि तोंडातल्या, गारवा ओळखणाऱ्या संवेदकांनाच चेतवतं. म्हणून ते लावलं की तापमान तेच असूनही गार वाटतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकांच्या शोधासाठी २०२१ साली नोबेल मिळालं, त्यांच्या कामात याच मेंथॉलचा मोठा वाटा आहे. पाच इंद्रियांच्या पाच वेगळ्या खोल्या आहेत असं आपण शाळेत शिकतो. एक पान चुरगळलं की त्या खोल्यांमधल्या भिंती किती पातळ आहेत ते कळतं.

आता या बागेतली माझी सगळ्यात लाडकी जागा: कारंजं. त्याचा आवाज मनाला निवांत करतो हे झालंच. पण ते आणखी एका कामासाठी आहे. पानं चोळून झाली की तिथे हात धुवायचे, आणि मग पुढच्या झाडाकडे जायचं. मला वाटतं, या छोट्या तरतुदीत सेन्सरी गार्डनची सगळी समज उतरली आहे. डोळ्यांना एका दृश्यावरून दुसऱ्यावर जायला क्षणभरही लागत नाही. मागचं दृश्य पुढच्याला चिकटून येत नाही. बोटांवरचा वास चिकटून येतो. पुदिना चोळलेल्या हाताने गुलाबी जिरॅनियमला हात लावला तर दोन्ही बिघडतात. नाकाचंही असंच. एकच वास सतत येत राहिला तर काही वेळाने नाक त्याची दखल घेणंच सोडून देतं. म्हणून सुगंधी झाडांची गर्दी केली की सुगंध वाढत नाही, मरतो. दोन वासांच्या मध्ये काहीच नसलेली जागा हवी: थोडी मोकळी हिरवळ, थोडं पाणी, चार पावलं. संगीतात ज्याला विश्रांतीची जागा म्हणतात ती इथे पाण्याने करून दिली आहे. झाडांच्या यादीवरून बागेची किंमत ठरवणाऱ्याला हे कारंजं शोभेचं वाटेल. माझ्या लेखी ती या बागेची सर्वोत्तम ओळ आहे.

स्वयंपाकाच्या वनस्पतींचा भाग मी भरभर ओलांडतो, कारण तिथलं सुख ओळखीचं आहे. एवढंच सांगतो, की गंधाची वाट मेंदूत थेट भावना आणि आठवणींशी गुंतलेल्या भागांपर्यंत जाते. इतर संवेदनांना आधी जे मधलं ठाणं लागतं ते तिला लागत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या, देशोदेशींच्या माणसांनी भरलेल्या शहरात तुळशीच्या भाऊबंदांचा एक वाफा म्हणजे किती जणांचं माहेर असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

दिल्लीची गोष्ट अगदी निराळ्या स्वभावाची आहे. मेहरौलीजवळ, सैद-उल-अजायब गावालगत, सुमारे २० एकरांवर फेब्रुवारी २००३ मध्ये गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस खुलं झालं. दिल्ली पर्यटन महामंडळाचा हा प्रकल्प, आणि रचनाकार प्रदीप सचदेवा. दिल्ली हाट हा खुला बाजारही त्यांचाच. गर्दीच्या शहरात माणसाने बिनकामाचं कुठे रेंगाळावं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दोन्हीकडे शोधलं आहे.

या बागेचं खरं भांडवल म्हणजे तिथला खडक. अरवलीच्या शेवटच्या फांद्या दिल्लीत शिरतात, त्यातलीच ही उंचसखल, खडकाळ जमीन. सपाटीकरण करून तिच्यावर हिरवळ अंथरणं सोपं होतं. तसं केलेलं नाही. शिळा ठेवल्या, वाटा त्यांच्या कलाने वळवल्या. चढ-उतार पायांना सतत जाणवत राहतो. फरशीवरून खडीवर आणि खडीवरून मातीवर येताना तळव्याखालचा आवाजही बदलतो. आणि त्या खडकाचा स्पर्श! दिल्लीचं ऋतुचक्र टोकाचं. पौषात सकाळी या शिळेला तळवा लावला तर गारठा हाडापर्यंत जातो. वैशाखातल्या संध्याकाळी, सूर्य मावळून गेल्यावर, हवा जराशी निवली असतानाही शिळा दिवसभराचं ऊन धरून बसलेली असते. झाडाच्या पानाला एवढी उष्णता साठवून ठेवता येत नाही, दगडाला येते. बागेत दगड हवा तो शिल्पासाठीच असं नाही, हे इथे समजतं.

सुगंधी झाडांच्या सोबतीने वर्तुळाकार चढत जाणारी वाट, दगडी हत्तींचा कळप, मुघल चारबागेच्या धर्तीवरचा खास बाग, पाण्याचे पाट, कारंजी हे सगळं तिथे आहे. यातलं बरंचसं डोळ्यांसाठी आहे असं मला वाटतं, आणि खास बाग तर पुरता डोळ्यांचा. सरळ मध्यरेषा, तिच्या दोन्ही अंगांना सारखेपणा, ही भाषाच मुळी नजरेची. पण नील बागेत पोचलो की ही तक्रार मागे पडते. कमळकुमुदांचं तळं, भोवती वेलींनी झाकलेले मांडव, आणि त्या मांडवांत टांगलेल्या शेकडो चिनीमातीच्या घंटा. वारा आला की त्या किणकिणतात. धातूच्या घंटेचा नाद लांबवर घुमत राहतो. मातीच्या घंटेचा नाद आखूड, कोरडा, लगेच विरणारा. त्यामुळे शेकडो घंटा असूनही गोंगाट होत नाही, एकेक टिपका वेगळा ऐकू येतो. वारा तळ्याच्या कुठल्या बाजूने आला, मांडवात तो कसा सरकत गेला, हे डोळे मिटून सांगता येतं. अदृश्य वाऱ्याचा इथे जणू नकाशाच कानाला मिळतो. आणि वारा पडला की काही नाही. जे वाजणार आहे त्याची वाट पाहायला लावणारी ही जागा दिल्लीसारख्या घाईच्या शहरात मला फार मोलाची वाटते.

त्या बागेत तरुण जोडपी मोठ्या संख्येने येऊन बसतात आणि काही जण त्यावर नाकं मुरडतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही. हातात हात घेऊन शांत बसणं हाही स्पर्शाचाच भाग आहे, आणि शहराने त्यासाठी जागा ठेवलेली बरी.

दोन्ही बागा शेजारी ठेवल्या की माझा कौल ब्रुकलिनच्या बाजूने पडतो, आणि त्याचं कारण आकारात नाही. दिल्लीने पाचही इंद्रियांना आमंत्रण दिलं, पण बाग आखताना समोर धरलेला पाहुणा डोळस आहे. ब्रुकलिनने आधी एक पाहुणा नक्की केला, ज्याला दिसत नाही, आणि मग त्याच्या हाताला, पावलाला, नाकाला काय हवं याचा माग काढत वाफे बांधले. गंमत अशी, की त्या एकासाठी केलेली बाग सगळ्यांना पुरते. राष्ट्रपती भवनाच्या उद्यानात, ज्याला २०२३ पासून अमृत उद्यान म्हणतात, अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना स्पर्शोद्यान झालं. तिथे सुगंधी, औषधी झाडांपाशी ब्रेलमधल्या पाट्या आहेत. हीच दिशा योग्य. मात्र ब्रेलची पाटी लावून काम संपत नाही. रोप मेलं आणि त्या जागी दुसरंच लावलं, तर बोट पाटीवर तुळस वाचतं आणि पानावर गवती चहा भेटतो. डोळस माणूस अशी चूक एका नजरेत दुरुस्त करून घेतो. ज्याचा सगळा भरवसा त्या पाटीवर आहे, त्याला मात्र बागेने चक्क खोटं सांगितलेलं असतं.

शहराच्या आवाजाचं काय करायचं, हा अशा बागांपुढचा मोठा प्रश्न. भिंती उंच केल्या तरी हॉर्न येतातच. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १९६७ साली पेली पार्क झालं, दोन इमारतींच्या मधल्या बोळाएवढ्या जागेत. त्याच्या मागच्या भिंतीवरून सुमारे २० फुटांचा धबधबा सतत कोसळतो. त्या पाण्याच्या सलग आवाजात रस्त्यावरची वाहनं बुडून जातात, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही. शांतता म्हणजे आवाज नसणं असं समजून शहरात बाग करणाऱ्याने हे एकदा तरी ऐकावं. आणि अशा बागेने माणसाला बरं वाटतं का? रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेलं संशोधन बागांविषयी बोलताना नेहमी सांगितलं जातं: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. काचेआडून नुसतं दिसलेलं झाड एवढं करत असेल, तर हाताशी आलेल्या झाडाकडून मी अधिक आशा धरतो. तो माझा विश्वास आहे, त्या संशोधनाचा निष्कर्ष नव्हे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती आहेत. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक जागा त्यांना वापरता येतील अशा करणं बंधनकारक झालं, आणि बऱ्याच बागांच्या फाटकाशी उतार आले. पण उतार फाटकाच्या आत नेऊन सोडतो. आत गेल्यावर हाताला लागेल असं काय आहे? त्यासाठी वीस एकर लागत नाहीत. प्रत्येक पालिकेच्या बागेत कंबरेएवढ्या बांधाचा एकच लांब वाफा, त्याच्या टोकाला हात धुवायला नळ, एवढ्यावर सुरुवात होते. झाडं तर आपल्या घरातलीच आहेत: तुळस, मरवा, पाच, गवती चहा, पानओवा, वाळा. जोतिबाला वाहतो तो दवणा. एका कोपऱ्यात लाजाळू हवीच. हात लावल्यावर झाडाने तिथल्या तिथे उत्तर देण्याचं सुख दुसऱ्या कुठल्या रोपाकडून मिळायचं? कण्हेर मात्र या वाफ्याच्या आसपासही नको. दुभाजकांवर ती शोभते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि इथे तर मुलांना पानं चुरगळा, हुंगा, चाखा असंच आपण सांगणार.

राहिला माळ्याचा आक्षेप, आणि तो रास्त आहे. हाताळलेली रोपं झिजतात. टोकाची कोवळी पानं आधी जातात, मग शेंडा बसतो, दोन-तीन महिन्यांत वाफा केविलवाणा दिसू लागतो. अशा बागा मागे पडतात त्या बहुतेक याच कारणाने: उद्घाटनाला रोपं असतात, पुढच्या वर्षी बांध उरतो. म्हणून आराखड्यात मी आधी पाहतो ती मागची रोपवाटिका. वाफ्यात जेवढी रोपं, निदान तेवढीच तिथे वाढत असली पाहिजेत, म्हणजे थकलेलं रोप उचलून विश्रांतीला नेता येईल आणि ताजं पुढे आणता येईल. ऋतूही सांभाळावे लागतात. दवणा हिवाळी, मुसळधार पावसात तो टिकणार नाही. मरव्याच्याही मुळाशी पाणी साचून चालत नाही. तेव्हा आषाढ-श्रावणात गवती चहा, वाळा, पानओवा यांनी वाफा धरायचा, आणि दिवाळीच्या सुमाराला दवणा पेरायचा, म्हणजे चैत्रापर्यंत तो हाताला लागत राहतो. पालिकेच्या निविदेत झाडांची संख्या लिहिलेली असते, तिथे हे वेळापत्रक आणि ही जादा रोपं लिहून घेतली पाहिजेत, आणि ते सांभाळणारा माळी दरवर्षी बदलता कामा नये.